खर्जाची बाजू

डबल नेक, म्हणजे दोन नेकची गिटार, म्हटलं की बहुतेकांना रॉक गिटारिस्ट जिमी पेज आठवतो. गळ्यात गिब्सनची चेरी रंगाची ईडीएस-१२७५, वरच्या नेकवर बारा तारा, खालच्यावर सहा. 'स्टेअरवे टू हेवन'च्या ध्वनिमुद्रणात त्यानं वेगवेगळ्या गिटारी वापरल्या होत्या. स्टेजवर गाणं मध्येच थांबवून वाद्य बदलता येत नाही, म्हणून १९७१च्या सुमारास ही जोडगिटार त्याच्या खांद्यावर आली. तो फोटो जगभर इतक्या भिंतींवर लागला, की डबल नेक ही मिरवायची वस्तू असा समज पक्का होऊन बसला. मूळ गरज मात्र त्या फोटोतही साधीच होती. चालू गाणं थांबू द्यायचं नव्हतं.

माझ्याकडे आहे ती डॅनइलेक्ट्रोची. तिच्या एका नेकवर बेसच्या चार तारा आणि दुसऱ्यावर गिटारच्या सहा. तांबूस आणि पांढरा असे दोन रंग एकमेकांत विरत गेलेले. पांढरा आता पिवळट पडलाय. पहिल्यांदा उचलून बघणाऱ्याचा हात हटकून दचकतो, कारण एवढ्या मोठ्या आकाराचं वजन त्यानं मनात धरलेलं असतं आणि हातात येतं त्याहून कितीतरी कमी. गिब्सनची ती डबल नेक भरीव लाकडाची, सहा किलोच्या घरातली. डॅनइलेक्ट्रोच्या आत पॉप्लर लाकडाची चौकट आहे, पाठीपोटाला मॅसोनाइटचे तक्ते, आणि मधे सगळी पोकळी. मॅसोनाइट म्हणजे लाकडाच्या चिपांचे तंतू वाफेनं मोकळे करून दाबलेला तक्ता. आपल्याकडे कपाटांच्या पाठीला हार्डबोर्ड मारतात, त्यातलाच. कडेनं त्याचा सांधा दिसू नये म्हणून भोवती व्हिनाइलची पट्टी चिकटवलेली. तिच्यावरचे पिकअप तर लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसवलेले आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात तयार मिळणाऱ्या नळ्या घ्यायच्या, चुंबकावर तार गुंडाळून आत सरकवायची, आणि नळी चकचकीत असल्यामुळे वरून वेगळं झाकण लागत नाही.

ही सगळी करामत नेथन डॅनियल या माणसाची. न्यू यॉर्कमध्ये वाढलेला, लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. तिशीच्या दशकात तो एपिफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवत होता. १९४७ मध्ये त्यानं न्यू जर्सीतल्या रेड बँकला स्वतःची कंपनी काढली, पुढे कारखाना नेप्च्यूनला हलवला. त्याचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे सिअर्स. सिअर्सच्या कॅटलॉगमधून 'सिल्व्हरटोन' नावानं त्याच्या गिटारी शेतावरच्या नि कारखान्यातल्या कामगारांच्या घरी पोस्टानं जात. १९६२ पासून तर पेटीतच अ‍ॅम्प बसवलेली गिटार मिळू लागली. पेटी उघडा, प्लग लावा आणि वाजवा. सैन्यात असताना जिमी हेंड्रिक्स वाजवायचा ती गिटारही डॅनइलेक्ट्रोच होती. हा माणूस लाकूड, तार, पत्रा यांतला कुठला पैसा आवाजाला लागतो आणि कुठला नुसता दिसण्याला, हे नेमकं ओळखायचा. स्वस्त वस्तू बनवणारे पुष्कळ असतात. स्वस्तात खरा आवाज देणारा क्वचित सापडतो, आणि मला नेथन डॅनियल त्या क्वचितांपैकी वाटतो.

नेप्च्यून हे गाव अटलांटिकच्या काठावर, अ‍ॅस्बरी पार्कला लागून आहे. एडिसनमधल्या आमच्या घरापासून गार्डन स्टेट पार्कवेनं तासाभराच्या आत पोचता येतं. इथल्या मराठी माणसांना तो किनारा रविवारच्या सहलीचा म्हणून माहीत असतो. माझी गिटार बनली तिथेच जवळपास आयुष्यभर राहिली. तिचा पहिला मालक त्या किनाऱ्यावरच्या हॉलमध्ये लग्नांना, वाढदिवसांना, माजी सैनिकांच्या जेवणावळींना वाजवायचा. त्याच्या पश्चात घरच्यांनी ती विकायला काढली तेव्हा मी घेतली. बेसच्या नेकच्या कडेला, वाजवणाऱ्याला वरून दिसतील असे लाल नेलपॉलिशचे ठिपके आहेत. हॉलमध्ये दिवे मंद केले, जोडपी नाचायला उतरली, की फ्रेट दिसत नसणार. नखावर लावायचा तो रंग थेंबाथेंबानं, काडीच्या टोकानं, नेमक्या जागी ठेवलाय. एक ठिपका किंचित ओघळलाय, तो तसाच वाळलेला. हे ठिपके पुसून काढले तर गिटारची किंमत वाढेल, असं एका जाणकारानं मला सांगितलं. मी पुसणार नाही. रात्री कामाला जाणाऱ्या माणसानं स्वतःच्या हत्यारावर केलेली ती खूण आहे.

गिटारचं वय कसं कळलं ते सांगते, कारण जुन्या वाद्यांच्या नादी लागलेल्याला याची फार गोडी असते. नेकचे स्क्रू काढून तो अलगद उचलला की खालच्या खाचेत चार आकड्यांचा शिक्का दिसतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचा वर्षाचा. माझ्या गिटारवर शेवटी २ आहे. हे मॉडेल पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आलं, १९६६ मध्ये कंपनी एमसीएला विकली गेली आणि १९६९ मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे तो २ म्हणजे १९६२च. आवाजाच्या बटणांखालचे पोटेन्शिओमीटरही साक्ष देतात. त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात: सुरुवातीला बनवणाऱ्याचा क्रमांक, १३७ असेल तर सीटीएस, आणि पुढे वर्ष नि आठवडा. शिक्का आणि पोटेन्शिओमीटर एकमेकांशी जुळले की समजायचं, आत कुणी फारशी ढवळाढवळ केलेली नाही.

आता ती वाजते कशी याकडे येते. मला खरं बोलायचंय ते याबद्दलच.

बेस आणि गिटार एकाच अंगावर का हवेत? स्टुडिओत तर याचा काडीचा उपयोग नाही. तिथे बेस एक जण वाजवतो, गिटार दुसरा, किंवा एकच माणूस एकावर एक थर चढवत जातो. मुंबईच्या फिल्मी ध्वनिमुद्रणांत गोव्याच्या वादकांपासून कितीतरी जण एकाहून अधिक वाद्यं सफाईनं वाजवत, पण एका गाण्यात एकाच वेळी दोन वाद्यं अंगावर घ्यायची वेळ तिथे कशाला येईल? बेस-गिटारची डबल नेक जन्मली ती माणसं कमी पडतात अशा स्टेजवर. शिकागोचा अर्ल हुकर, जॉन ली हुकरचा चुलतभाऊ आणि स्लाइड गिटारचा बादशहा, आधी बेस आणि गिटार अशी जोडी असलेली डबल नेक वाजवायचा, नंतर बारा आणि सहा तारांची. क्षयानं पोखरलेला तो माणूस गावोगावच्या क्लबांत वाजवत राहिला आणि १९७० मध्ये गेला. कॅनडाचा 'रश' हा तर तिघांचाच गट. १९७७च्या 'झॅनाडू'साठी गेडी ली रिकनबॅकरची ४०८० गळ्यात घालायचा, बेस आणि गिटार दोन्ही त्यावर, शिवाय गाणंही तोच गायचा. जेनेसिसच्या माइक रदरफर्डचीही तीच कथा.

आमचा गट त्याहून साधा. गायिका, तबला, हार्मोनियम आणि मी. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या साठीला आम्ही भावगीतं करतो. मूळ ध्वनिमुद्रणांत व्हायोलिनचा ताफा असतो, बासरी असते, मागे बेस असतो, अंतऱ्याआधीच्या पीसमध्ये गिटार झळकते. त्यातलं जे चार माणसांत बसेल ते आम्ही बसवतो. मुखड्याला आणि अंतऱ्याला मी बेसवर, पीसला गिटारवर, आणि पुन्हा बेसवर. ऐकणाऱ्याला हे सोयीचं वाटतं. वाजवणाऱ्याला पहिल्याच तालमीत कळतं की गिटारच्या नेकवर हात गेला त्या क्षणी गाण्याखालचा खर्ज नाहीसा होतो.

दोन वेगळी वाद्यं असती आणि दोन माणसं असती, तर हे मला कधीच ऐकू आलं नसतं. मी गिटारिस्ट म्हणून वाढले. बेसकडे बघायची माझी नजर 'मागे असतो तो' अशीच होती. आता दर पीसला मी स्वतःच त्याला उठवते, आणि त्याची जागा रिकामी झालेली माझ्याच कानांना जाणवते. तीच सुरावट, तेच कॉर्ड, पण गाणं अधांतरी. चार गाण्यांत ही गोष्ट जेवढी शिकले तेवढी अनेक वर्षं गिटार वाजवून शिकले नव्हते.

आमच्या तबल्यावरच्या काकांनी यावर उपाय शोधला. तालमीत ते म्हणाले, "तू खर्ज सोडलास की मी धरतो. तू परत आलीस की मी हात आखडता घेईन." डग्गा आणि बेस एकाच पट्ट्यात वावरतात. डग्ग्याच्या घुमाऱ्यावर बेसचा सूर बसला की दोघांचाही चिखल होतो. तबल्याबरोबर बेस वाजवणाऱ्या कुणालाही विचारा. केहरव्याचे बोल घ्या: धा गे ना ती, न क धी न. डग्गा खुला वाजतो तो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. तिसरीपासून सहावीपर्यंत खाली मोकळं रान असतं. मी समेवर एक सूर ठेवते, तोही आखूड, आणि बाकीचं काम त्या मधल्या चार मात्रांत करते. पाचवीला, खालीवर, जिथे डग्गा गप्प असतो, तिथे बेसचा एकच सूर नीट पडला की गायिकेच्या शब्दाला टेकू मिळतो. मग पीस येतो, मी गिटारवर जाते, आणि काका डग्ग्यावर तळहाताची टाच सरकवत मींड काढतात. रिकामा झालेला खर्ज ते घुमाऱ्यानं भरून काढतात. पीस संपताना ते एक साधा तिहाईसारखा तुकडा घेतात. तो मला इशारा असतो. समेवर बेस, आणि डग्गा पुन्हा आखडलेला.

ही देवाणघेवाण पहिल्यांदा जुळली तेव्हा हार्मोनियमवाल्यानं वाजवता वाजवता मान वर करून आम्हा दोघांकडे बघितलं. प्रेक्षकांत कुणाला काही कळलं असेल असं नाही. कळायची गरजही नव्हती.

नेक बदलताना एक अडचण असते. बेसचा शेवटचा सूर वाजत राहिला पाहिजे आणि डावा हात तर गिटारवर जायचाय. म्हणून तो शेवटचा सूर मोकळ्या तारेवरच हवा. मोकळी तार हाताशिवाय वाजत राहते. आता आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. बेसच्या नेहमीच्या जुळवणीत तिचा षड्जही मोकळ्या तारेवर मिळत नाही, पंचमही नाही. पण बेसच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा असतात. पहिल्या दोन अर्ध्या सुरानं उतरवायच्या, पुढच्या दोन अर्ध्या सुरानं चढवायच्या, की काळी चारमध्ये प, सा, प, सा अशी जुळवणी होते. नेकवर ताण फारसा बदलत नाही, तारा ढिल्याही पडत नाहीत. साठ वर्षांच्या नेकच्या बाबतीत हे महत्त्वाचं. आता मुखडा संपताना मी षड्जाची तार छेडते आणि हात मोकळा करते.

असं केल्यावर आणखी एक गोष्ट घडली. स्विच मधल्या जागी असला की दोन्ही नेकचे पिकअप चालू राहतात. गिटारवर षड्ज किंवा पंचम आला की बेसच्या तारा कुणी न छेडता आपोआप कंप पावू लागतात. भौतिकशास्त्र यात सोपं आहे. बेसची सगळ्यात जाड तार नेहमीच्या जुळवणीत सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची, गिटारची ८२ची, बरोबर दुप्पट; डी, ए आणि जीच्या जोड्यांचंही तसंच. एकीच्या सुरात दुसरीचा उपसूर आधीच असतो आणि पोकळ हार्डबोर्डमधून तो पोचतो. बहुतेक वादकांना हा उपद्रव वाटतो, ते न वाजणाऱ्या नेकवर फेल्टची पट्टी गुंडाळतात. जलद रॉकसाठी मीही गुंडाळेन. भावगीताला मात्र ती पट्टी मी काढून ठेवते. मोकळ्या तारांची ती हळू गुंज म्हणजे तरफाच. सतारीच्या तरफा जे करतात तेच काम, एका सप्तकानं खालच्या तारांवर.

गंमत म्हणजे तरफांची ओळख त्या कारखान्याला होती. १९६७ मध्ये व्हिन्सेंट बेल या न्यू यॉर्कच्या स्टुडिओ गिटारिस्टबरोबर डॅनइलेक्ट्रोनं 'कोरल' नावाखाली इलेक्ट्रिक सितार काढली. मुख्य सहा तारा गिटारसारख्या जुळवायच्या, बाजूला तेरा तरफा, आणि सूर झणझणावा म्हणून रुंद, सपाट घोडी. साठीच्या दशकाच्या अखेरीच्या अमेरिकन पॉपमध्ये जो सतारीसारखा आवाज ऐकू येतो, तो बऱ्याचदा या वाद्याचा. मिरजेच्या सतार बनवणाऱ्या कारागिराला ही घोडी दाखवली तर तो काय म्हणेल, याची मला कल्पना करता येते. तिथे जवारी हातानं घासून, ऐकून, पुन्हा घासून काढतात, आणि ती झिजली की वाद्य परत कारागिराकडे जातं. नेप्च्यूनची घोडी कारखान्यात बनलेली. तरी बेल आणि डॅनियल यांनी ऐकलं नीट होतं. सतारीच्या आवाजाचं गुपित घोडीच्या सपाटीत आहे हे त्यांनी हेरलं, आणि गिटारसारख्या वाद्यावर ते जमेल तेवढं उतरवलं. डॅनियल १९९४ मध्ये हवाईत वारला.

जुनं वाद्य बाळगणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, एकही स्क्रू बदलू नका. दुसरा म्हणतो, वाजायला हवं तर वाटेल ते बदला. बाजार पहिल्या पंथाच्या बाजूनं आहे. मूळ भाग बदलला की भाव पडतो. माझ्या गिटारच्या ब्रिजवर तारा टेकतात ती रोजवुडची एक अखंड पट्टी आहे. प्रत्येक तारेची लांबी वेगवेगळी बसवायची सोयच नाही, त्यामुळे बाराव्या फ्रेटच्या वर काही सूर किंचित हलतात. धातूचा, सहा वेगळ्या टेकणांचा ब्रिज बसवला तर हे सुटेल. मी तो घेतला नाही. रोजवुडमुळे आवाजाला जो थोडा बोथट, मऊ काठ येतो तो मला हवाय, आणि वरच्या फ्रेटवर मी जात नाही. फ्रेट मात्र घासून घेतले, खरखरणारी वायर नव्यानं डाखली, बेसच्या तारांना पीळ देणाऱ्या किल्ल्यांत तेल घातलं. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात घरातल्या हीटरनं हवा कोरडी पडते, नेक थोडे हलतात. पेटीत ओलावा धरणारी डबी ठेवते. माझा पंथ विचाराल तर एकच कसोटी: कार्यक्रमाच्या दिवशी ती वाजली पाहिजे.

काचेच्या कपाटात ठेवलेल्या डबल नेक मी पाहिल्यात. त्यांच्या तारा ढिल्या करून ठेवतात, कुठे काढूनच ठेवतात. ज्या वस्तूची सगळी हुशारी चालू गाण्यातल्या अर्ध्या सेकंदासाठी खर्ची पडली, ती तशी ठेवलेली मला बघवत नाही. हार्डबोर्ड, लिपस्टिकच्या नळ्या आणि व्हिनाइलची पट्टी यांत बघण्यासारखं काही नव्हतंच. ते सगळं ऐकण्यासाठी होतं, आणि रात्रभर उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्यावर हलकं राहण्यासाठी.

गिरगावात, दादरला, माहीमला, मडगावात कितीतरी घरांत काकांची हवाईयन गिटार, आजोबांचं मेंडोलिन, कुणाचं अकॉर्डियन, कुणाचा बेस माळ्यावर पडून आहे. ऑर्केस्ट्रात, बॅंडमध्ये, ध्वनिमुद्रणांत ती वाद्यं वाजलेली आहेत. तुमच्या घरी असं काही असेल तर या आठवड्यात खाली काढा. त्यावरच्या खुणा पुसू नका. तारा बदलून घ्या, आणि घरात वाजवणारं कुणी नसेल तर वाजवणाऱ्याला द्या. विकलंत तरी चालेल, पण आधी त्याला ते तुमच्यासमोर वाजवून दाखवायला सांगा.